हात उचलायच्या आधीची पानं: चार टीनएज कादंबऱ्यांचा रिव्ह्यू

रिव्ह्यू चार पुस्तकांचा आहे. चारही अमेरिकन, चारही टीनएज वाचकांसाठी लिहिलेली, आणि चारहींचा विषय एकच, हायस्कूलमधला बॉयफ्रेंड जो मारतो. आधीच सांगून ठेवते, स्पॉयलर भरपूर आहेत, पण तसंही या पुस्तकांत 'पुढे काय होणार' हे सस्पेन्स नसतंच, मागच्या कव्हरवर सरळ छापलेलं असतं की मुलगा सुरुवातीला गोड असतो आणि मग तसा राहत नाही. म्हणजे पुस्तक हातात घेतानाच तुम्हाला शेवट माहितीये आणि बिचारीला माहिती नाही.

तर अशी पुस्तकं चांगली की वाईट हे ठरवायचा माझा एकच निकष आहे, तो म्हणजे पहिल्यांदा हात उचलला जातो त्याच्या आधीच्या पानांत लेखिकेने काय केलंय. मारहाण लिहायला अवघड नसते, दोन प्यारेग्राफ चांगले लिहिले की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अवघड असतं ते हे की वाचणाऱ्यालासुद्धा तो मुलगा आवडला पाहिजे, निदान 'बाई गं, मीपण पडले असते याच्या प्रेमात' असं मनात आलं पाहिजे. ते नाही झालं तर आपण सगळं पुस्तकभर बाहेर उभं राहून नुसतं ओरडत बसतो, सोड ना त्याला, सोड ना. आणि असं ओरडणाऱ्यांची त्या मुलीच्या आयुष्यात आधीच गर्दी झालेली असते.

सुरुवात 'ड्रीमलँड'पासून करते, सारा डेसनचं, २००० सालचं. केटलिनच्या सोळाव्या वाढदिवसाच्या सकाळी तिची मोठी बहीण कॅस घर सोडून निघून जाते. कॅस म्हणजे घरातली स्टार, अभ्यासात पुढे, खेळात पुढे, सगळ्यांचं सगळं लक्ष तिच्यावर, आणि आता ती नाहीये तर लक्ष अजूनच तिच्यावर. आई दिवसभर तिच्याच विचारात. धाकटीच्या वाट्याला जे उरतं त्यात तिला भेटतो रॉजरसन. श्रीमंत घरातला, बिनधास्त, ड्रग्ज विकणारा, कुणालाच न घाबरणारा. आता 'बॅड बॉय' म्हटलं की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते, पण डेसनने एक हुशारी केलीये, या पोराला जनरल नॉलेज जबरदस्त आहे असं दाखवलंय. कुठलाही प्रश्न टाका, उत्तर तयार. या एका छोट्याशा डिटेलमुळे तो पोस्टरवरचा बॅड बॉय राहत नाही, खरा कुणीतरी वाटायला लागतो, आणि केटलिनला त्याच्यात काय दिसलं असेल हेही कळतं. शिवाय त्याचा बाप त्याला मारतो आणि ते केटलिनच्या समोर घडतं, मग संपलंच, आता तिच्या दृष्टीने ती एकटीच आहे जिला तो 'खरा' माहितीये. हे जे 'मला एकटीलाच तो समजतो' आहे ना, ते पुढे तिच्या पायात कसं अडकतं ते पुस्तकात बघण्यासारखं आहे.

आणि मग घड्याळ सुरू होतं. तो तिला घ्यायला येणार त्या वेळी ती तिथे पाहिजे, बस. उशीर नको. कुणाशी बोलत थांबलेली दिसायला नको. पुस्तक वाचता वाचता लक्षात येतं की आपणपण वेळ बघायला लागलोय, मैत्रीण हिला गेटपाशी थांबवून काहीतरी गप्पा मारतीये आणि आपल्याला वाटतंय अगं बाई सोड तिला, जाऊ दे, तो गाडीत बसलाय. त्यात हात उचलल्याचं वर्णन नाही, शिवीगाळ नाही, नुसता पार्किंगमधला एक थांबलेला माणूस, आणि तरी माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक पानं तीच आहेत. ऊन असो नाहीतर काही असो, अंगात लांब बाह्यांचे कपडे, कुणी विचारलंच तर पडले, धडकले, आणि घरात कुणी नीट विचारतच नाही कारण घर कॅसमध्ये बुडालंय. आईवडील वाईट नाहीयेत हेच जास्त टोचतं, प्रेमळ आहेत बिचारे, फक्त त्यांची मान दुसरीकडे वळलेली आहे.

या पुस्तकाचा शेवट मला सगळ्यात पटला. तो तिला घराबाहेर लोकांच्या देखत मारतो, पोलीस येतात, त्याला घेऊन जायला लागतात आणि ही सुटकेचा श्वास टाकत नाही हो, ही त्याच्यासाठी आकांत करते. खूप जणांना हे झेपत नाही, इतकं झाल्यावरही हिला अक्कल येत नाही म्हणजे काय, असं. पण मला वाटतं तिथे डेसनने प्रामाणिकपणा दाखवला, तेवढ्या एका क्षणात कुणाचं मन फिरत नाही. त्यानंतर ती उपचार केंद्रात राहते आणि ती पानं संथ आहेत, थोडी जास्तच संथ, पण चालतंय. तक्रार एकच, मधला भाग फार धुरकट झालाय, ड्रग्जचा ट्रॅक आणि रॉजरसनचा ट्रॅक एकमेकांत इतके मिसळतात की मुलगी गप्प आहे ती नशेमुळे की भीतीमुळे हे कधीकधी कळत नाही. कदाचित मुद्दामच असेल तसं. साडेचार स्टार.

आता 'ब्रीदिंग अंडरवॉटर', अ‍ॅलेक्स फ्लिनचं, २००१. आणि योगायोग बघा, एका वर्षाच्या अंतराने आलेली दोन पुस्तकं, दोन वेगळ्या लेखिका, विषय तोच आणि दोन्हीकडे मार खाणाऱ्या मुलीचं नाव केटलिन. लागोपाठ वाचली तर डोक्यात गोंधळ होतो, मधे काहीतरी हलकंफुलकं वाचा.

इथे मात्र गोष्ट सांगणारा मुलगा आहे. निक, सोळा वर्षांचा, फ्लोरिडातला, पैसेवाल्या घरातला, दिसायला देखणा, शाळेत पॉप्युलर, आणि पुस्तक सुरू होतं तेव्हा कोर्टात उभा. केटलिनपासून लांब राहायचा आदेश, हिंसा करणाऱ्यांसाठीच्या क्लासला हजेरी, आणि वर जजबाईंनी सांगितलंय की दर आठवड्याला ५०० शब्द डायरी लिहायची, काय झालं ते पहिल्यापासून. तर पुस्तक दोन रुळांवर चालतं, एकीकडे आत्ताचा निक, क्लासमध्ये मागे बसून 'मी या लोकांसारखा नाहीये' म्हणणारा, आणि दुसरीकडे डायरीतला निक. म्हणणं काय तर एकच थप्पड होती, एवढं काय त्यात. मग डायरी जशी पुढे सरकते तशी ती 'एकच थप्पड' फुगत जाते, आधी कळतं त्याआधी काय झालं होतं, मग कळतं की थप्पड एक नव्हती, मग कळतं नुसती थप्पडही नव्हती.

हे जमवणं सोपं नाही. मारणाऱ्याच्या तोंडून गोष्ट सांगायची म्हणजे दोन खड्डे असतात, एकतर तो राक्षस होतो आणि वाचणारा निवांत होतो की चला आपण किंवा आपला कुणी असा नाही, नाहीतर तो इतका बिचारा होतो की मुलगी बाजूलाच पडते. फ्लिन लेखिका होण्याआधी वकील होती, आणि मला वाटतं त्याचा फायदा झालाय, ती निकची बाजू पूर्ण मांडू देते आणि मग त्याच्याच शब्दांत त्याला पकडते. निकचा बापसुद्धा मारकुटा आहे, आणि ते वाचताना पोराबद्दल वाईट वाटतंच, वाटायलाच हवं, पण पुढच्याच पानावर तो केटलिनच्या वजनावरून असं काही बोलतो की वाईट वाटणं जागच्या जागी गोठतं. ती आधी जाड होती, आता बारीक झालीये, आणि त्याला बरोब्बर माहितीये कुठे टोचायचं. गाणं ही तिची खरी ताकद, आवाज सुंदर, आणि त्याला नेमकं तेच नकोय, कारण ती स्टेजवर उभी राहिली की सगळे तिच्याकडे बघणार. तो तिला 'गाऊ नकोस' असं मालकासारखं म्हणत नाही सुरुवातीला. काळजी करतो. लोक हसतील तुला, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. हे वाक्य आपण किती जणांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातल्या किती जणांनी कधीच कुणावर हात उचलला नाही, म्हणूनच तर ते ओळखायला अवघड.

मला या पुस्तकात एक गोष्ट खटकली ती म्हणजे क्लासमधली बाकीची मुलं. प्रत्येक जण एक एक 'प्रकार' म्हणून आल्यासारखा वाटतो, आणि समुपदेशक मारिओ तर जरा जास्तच शहाणा आहे, त्याच्याकडे कायम बरोबर उत्तर. पण एका ठिकाणी तो क्लास असा काही वळण घेतो की हसू थांबतं, ते मात्र मी सांगणार नाही, एवढा एक स्पॉयलर राखून ठेवते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, निक सुधारायला लागतो म्हणून त्याला बक्षीस म्हणून केटलिन परत मिळत नाही. तिने पुन्हा त्याचं व्हावं हा या पुस्तकात प्रश्नच ठेवलेला नाही. तिची बाजू वाचायची असेल तर 'दिवा' नावाचा पुढचा भाग आहे, त्यात ती गाणं शिकायला वेगळ्या शाळेत जाते, पण तो जरा हलका आहे, या पहिल्याची सर नाही. पाच स्टार, हातचं काही राखत नाही.

तिसरं 'बिटर एन्ड', जेनिफर ब्राउन, २०११. हे थोडक्यात उरकते. अ‍ॅलेक्सची आई लहानपणी वारलेली, कोलोरॅडोला जाताना, आणि अ‍ॅलेक्स, बेथनी आणि झॅक हे तीन जिवलग मित्र एक दिवस तिकडे ट्रिपला जायचं म्हणून पैसे साठवतायत. मग शाळेत नवा मुलगा येतो, कोल, ती त्याला शिकवणीत मदत करते, आणि पुढचं तुम्हीच सांगा. हो, तेच. अगदी त्याच क्रमाने. १९७९ मध्ये लेनोर वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मारहाणीच्या नात्यांचं एक चक्र मांडलं होतं, आधी ताण वाढत जातो, मग स्फोट, मग माफी, फुलं, रडणं, 'पुन्हा नाही होणार', आणि परत पहिल्यापासून. ते चक्र खरंच उपयोगाचं आहे, पण या कादंबरीत कोल त्या चक्रावर इतका शिस्तीत चालतो की मला वाटायला लागलं आता माफी मागेल बघ, आणि पुढच्या पानावर मागितलीच. शाळेत वाटतात त्या माहितीपत्रकाला पात्रांची नावं चिकटवल्यासारखं होतं मधे मधे.

पण एक गोष्ट या पुस्तकात आहे जी बाकी तिन्हींत एवढी नीट नाही, ती म्हणजे मैत्री. बेथनी आणि झॅक नुसते 'त्याला सोड' म्हणायला ठेवलेले नाहीत, त्यांना राग येतो, ते दुखावतात, कंटाळतात, एकदा तर मला वाटलं जाऊ दे आता यांनीपण सोडून द्यावं हिला. कोल त्यांना तिच्यापासून तोडतो ते एका दिवसात नाही, एक फोन चुकतो, एक प्लॅन कॅन्सल होतो, झॅक तुझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो असं कानात सोडलं जातं. झॅकबरोबरची तिची मैत्री ही पाळण्यापासूनची आहे, आणि आता तिच्यावर हिशोब द्यायची पाळी. तेवढ्यासाठी साडेतीन. ती जिथे नोकरी करते तिथली बॉस जॉर्जिया मला फार आवडली, एक मोठं माणूस जे लेक्चर देत नाही पण बघतं.

शेवटचं 'बट आय लव्ह हिम', अमांडा ग्रेस, हेही २०११ चंच. नाव वाचून मी जवळजवळ घेतलंच नव्हतं. अ‍ॅन आणि कॉनर यांच्या एका वर्षाची गोष्ट, पण उलटी. म्हणजे पुस्तक सुरू होतं ते वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ती जमिनीवर, आजूबाजूला काचा, तिने त्याच्यासाठी समुद्राच्या काचेच्या तुकड्यांचं एक हृदय बनवलेलं असतं ते फुटलंय. आणि तिथून आपण मागे मागे जात राहतो. मार आधी, माफी नंतर नाही तर आधीची, मग भांडणं, मग पहिलं भांडण, मग हात धरणं, आणि सगळ्यात शेवटी पहिली भेट.

ऐकायला हा नुसता ट्रिक वाटतो पण माझ्या त्या निकषाचं बघाल तर हे पुस्तक तो निकष उचलून उलटाच करतं. बाकी पुस्तकांत आपण गोड पानांवरून कडू पानांकडे जातो. इथे गोड पानं शेवटी येतात आणि तोपर्यंत आपल्याला तो माणूस पुरता कळलेला असतो, त्यामुळे तो जेव्हा म्हणतो तू सोडून माझं कोणी नाही, तेव्हा अ‍ॅनच्या पोटात फुलपाखरं आणि आपल्या पोटात खड्डा. तेच वाक्य. सरळ क्रमाने वाचलं असतं तर मीपण 'किती क्यूट' म्हणून पुढे गेले असते. भाषा साधी आहे, काही ठिकाणी फारच गोग्गोड, कॉनरचं घर आणि बाप हा सगळा भाग ठरावीक साच्यातला, आणि उलट क्रमामुळे अ‍ॅनची मैत्रीण, आई वगैरे लोक आधी तुटलेले दिसतात आणि मग जवळचे, त्यांची नावं लक्षात ठेवायला त्रास होतो. पण चार स्टार, रचनेसाठीच.

आता थोडं या चारहींच्या बाहेरचं. मारणारा मुलगा दाखवणाऱ्या पुस्तकांपेक्षा मला जास्त प्रश्न पडतो तो न मारणाऱ्याचा. 'ट्वायलाइट' घ्या, २००५ पासून जगभर पोरींनी वाचलेली व्हॅम्पायर आणि साध्या मुलीची प्रेमकथा. त्यातला हिरो एडवर्ड हिरोईन बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात ती तिच्या मित्राला, जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला पार्ट काढून ठेवतो, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला स्वतःच्या बहिणीला लाच म्हणून पोर्श देतो. पोर्श! आता हेच रॉजरसनने केलं असतं तर आपण पुस्तक बाजूला ठेवून पोलिसांना फोन केला असता. इथे ते प्रेम आहे, कारण तो व्हॅम्पायर आहे आणि कारण पुस्तकच म्हणतंय ते प्रेम आहे. मी त्याच्यावर बंदी वगैरे घाला असं म्हणत नाहीये, असल्या मागण्यांनी पोरं उलट रात्री पांघरुणात वाचतात. आणि पोरींना काहीच कळत नाही असंही नाही, फँटसी ही फँटसी म्हणून वाचता येतेच. फक्त त्याच्या शेजारी 'ब्रीदिंग अंडरवॉटर' ठेवा कपाटात. इंजिनाचा पार्ट आणि 'तुझ्या भल्यासाठी' एकाच आठवड्यात वाचलं की बाकी सांगायला कुणी लागत नाही.

एक मोठी कमतरता सगळ्यांनाच लागू आहे. 'ड्रीमलँड' आणि 'ब्रीदिंग अंडरवॉटर' स्मार्टफोनच्या आधीची, त्यामुळे तिथे पाळत म्हणजे प्रत्यक्ष गाडी घेऊन बाहेर थांबणं, घरी फोनवर फोन करणं. आजच्या पोरीला बाहेर थांबलेल्या गाडीची गरजच नाही, लोकेशन शेअर केलेलं असतं, पासवर्ड 'ट्रस्ट' म्हणून दिलेला असतो, ब्लू टिक आली आणि रिप्लाय नाही म्हणून रात्री दोनला भांडण. हे सगळं हात न लावता चालतं आणि अंगावर काळंनिळं काही दिसत नाही. आणि दुसरं, चारही पुस्तकांत मारणारा मुलगा, मार खाणारी मुलगी. मार खाणाऱ्या मुलाची, किंवा दोन मुलींच्या नात्यातली ही गोष्ट इथे नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांप्रमाणे तिथल्या डेटिंग करणाऱ्या हायस्कूलच्या पोरांपैकी साधारण १२ मागे एकाने जोडीदाराकडून मारहाण सोसलेली असते, आणि त्यात मुलगेपण असतात, कमी असले तरी असतात. त्यांना या शेल्फवर स्वतःसारखं कोणी सापडणार नाही.

वय विचाराल तर चौदाच्या पुढे चालेल असं माझं मत, 'ड्रीमलँड'मध्ये नशा आणि सेक्स आहे, बाकीच्यांत मारहाणीची वर्णनं थेट आहेत. इंग्रजी चारहींचं सोपं. आणि आईबाबा लोकांना एक विनंती, तुमच्या मुलीचा बॉयफ्रेंड तुम्हाला आवडत नाही म्हणून तिच्या टेबलावर यातलं पुस्तक नेऊन आपटू नका, ती पहिल्या पानावरच ओळखेल की हे कुणाबद्दल आहे आणि पुस्तकही जाईल आणि तुमच्याशी बोलणंही. स्वतः वाचा आधी, विशेषतः 'ड्रीमलँड', त्यातले आईवडील वाचा. मुलगा असेल घरात तर निकचं पुस्तक त्याला द्या, आणि तेही कुठलंही कारण घडायच्या आधी.

क्रम लावायचा तर मी पहिलं 'ब्रीदिंग अंडरवॉटर', मग मधे काहीतरी विनोदी, मग 'ड्रीमलँड'. 'बिटर एन्ड' लायब्ररीत मिळालं तर. आणि 'बट आय लव्ह हिम' वाचून झाल्यावर एकदा मागच्या प्रकरणाकडून पुढे, म्हणजे खऱ्या तारखांच्या क्रमाने वाचून बघा, मी वाचलं, तसं वाचलं तर ते अगदीच साधारण पुस्तक आहे, अडीच स्टारचं. दीड स्टार नुसत्या उलट क्रमाचे आहेत.